मोठीची अंगणवाडी: दहा महिन्यांनंतर

मोठीला जूनमध्ये अंगणवाडीत घातलं तेव्हा ती सव्वातीन वर्षांची होती. शेजारच्या खोलीतला मुलगा महिना आठशे रुपये भरून नर्सरीत जायचा, गळ्यात टाय बांधून. सासूबाई म्हणाल्या, "खिचडी खायलाच पाठवायचं तर घरी काय कमी आहे?" मला वाईट वाटलं, कारण तेव्हा माझ्याही मनात तेच होतं. आम्ही कामासाठी गाव सोडून कारखान्यांच्या पट्ट्यात आलेली माणसं. नवरा कंत्राटावर, मी घरी साड्यांना फॉल-पिको करते. फी परवडणार नव्हती, म्हणून अंगणवाडी. पण आज फी परवडली तरी मी मोठीला तिथून काढणार नाही.

आधी नाव घालण्याचं सांगते, कारण बाहेरून आलेल्या बायका इथेच अडतात. आमच्याकडे इथलं रेशनकार्ड नाही, मोठीचं आधारही निघालेलं नव्हतं. आईचं आधार चालतं, मुलाचं नसलं तरी अडत नाही. घोळ वेगळाच झाला. गावच्या अंगणवाडीत पोषण ट्रॅकरवर, म्हणजे ताईंच्या मोबाईलमधल्या सरकारी ॲपवर, आमची नावं आधीच होती, त्यामुळे इथे ती घेता येईनात. गावच्या ताईंना फोन केला, त्यांनी त्यांच्या मोबाईलवरून नावं इकडे पाठवली. मधे तीन आठवडे गेले. गाव सोडतानाच तिथल्या ताईंना सांगून या, एवढं तरी माझ्या अनुभवावरून करा.

धाकट्यासाठी महिन्याला घरी न्यायचा आहार मिळतो, टीएचआरची पाकिटं. आता ती घेताना चेहऱ्याची पडताळणी आणि ओटीपी लागतो. आमच्या घरात एकच सिम, ते नवऱ्याच्या खिशात आणि तो पहिल्या पाळीला. दोनदा रिकाम्या हाताने परत आले. आता वाटपाचा दिवस आधी विचारते आणि त्या दिवशी फोन घरी ठेवून घेते. पाकिटातलं पीठ नुसतं शिजवलं तर पोरगं तोंड फिरवतं. तुपावर किंवा तेलावर खमंग भाजून, वर दूध घालून दिलं की वाटी संपते.

मोठीला तिथेच गरम आहार. खिचडी, उसळ, कधी लापशी. बचत गटाकडून शिजवून येतो. चव चांगली असते, पण पावसाळ्यात बरेच दिवस पातळ आणि गार आला. आम्ही चार आया मिळून बोललो, तेव्हा फरक पडला. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला यातून दिवसाला किती कॅलरी आणि किती प्रथिनं मिळायला हवीत, हे ताईंनीच मला सांगितलं. आकडा माहीत असला की बोलायला बळ येतं.

आता मुख्य गोष्ट. दर महिन्याला मुलांचं वजन करून माता-बाल संरक्षण कार्डावर ठिपका देतात. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, तिन्ही महिन्यांत मोठीचं वजन ११ किलो २०० लिहिलेलं. मला ते खटकलं. विचारलं तर कळलं की काट्याचा सेल गेला होता आणि आकडा मागचाच उतरवला होता. मी फार चिडले. लेकराच्या वाढीचा हिशोब असा अंदाजाने लिहायचा नसतो, आणि हे मी त्यांच्या तोंडावर बोलले. ताईंनी सबब सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या अंगणवाडीतून काटा आणून सगळ्या मुलांचं वजन पुन्हा केलं. मोठी भरली १० किलो ९००. दंडाला पट्टी लावली तर १२.२ सेंटिमीटर. साडेबाराच्या खाली पिवळा म्हणजे मध्यम कुपोषित, साडेअकराच्या खाली लाल म्हणजे तीव्र. माझं लेकरू पिवळ्यात.

त्या रात्री मी जेवले नाही. डोळ्यांसमोर रोज असलेलं मूल वाळत चाललंय, हे आईला दिसत नाही. मला तरी दिसलं नव्हतं.

ताई दोनदा घरी आल्या. काय खाते, कितीदा खाते, आजारी किती पडते, सगळं विचारलं. सर्दी-ताप सतत असायचा, तो मी हवापालटावर ढकलत होते. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी माझ्या कधी ध्यानातच आली नव्हती. "ताई, गाण्याच्या वेळी ती आमच्या ओठांकडे बघते. बाकीच्या पोरांनी हात वर केले की मग करते. पाठमोरी असली की हाक दिली तरी वळत नाही." घरी आम्ही तिला हट्टी म्हणायचो. ऐकत नाही म्हणून मी धपाटेही घातलेत. ते आठवलं की अजून हात कापतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. नोव्हेंबरमध्ये आलं तेव्हा ताईंनी मोठीला मुद्दाम पुढे केलं. डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन सरकारी रुग्णालयात पाठवलं. सर्दी वारंवार होऊन दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साठलं होतं. औषधं, दोन महिन्यांत चार फेऱ्या, माझे चार खाडे आणि एसटीचं भाडं. उपचाराला पैसा लागला नाही. जानेवारीत एके दिवशी मी मशीनवर असताना ती मागे खेळत होती. बाहेर कुल्फीवाल्याची घंटा वाजली आणि ती दाराकडे धावली. मी मशीन थांबवून बघतच राहिले.

नर्सरीत हे कळलं असतं का, मी सांगू शकत नाही. अंगणवाडीत कळलं ते शिकवणारी, वजन करणारी आणि घरी येणारी बाई एकच आहे म्हणून. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा मुलं शाळेत येईनात, म्हणून शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, पुढे दोघींनी कोसबाडला हे काम वाढवलं. अंगणवाडी हा शब्द तिथलाच. सरकारची अंगणवाड्यांची योजना पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला आली. ताई घरी येऊन चटईवर बसल्या तेव्हा मला त्या अंगणाचा अर्थ कळला.

शिकवण्याबद्दल म्हणाल तर अक्षरं गिरवून घेत नाहीत, आणि पालकांची हीच तक्रार जास्त असते. मला ते पटलंय. बिया वेगळ्या करणं, मणी ओवणं, गोष्ट ऐकून पुढे काय झालं ते सांगणं. कान बरे झाल्यावर मोठी घरी येऊन धाकट्याला गोष्टी सांगते, त्यातले प्राणी रोज बदलतात.

त्रास आहेतच. साडेदहा ते दीड एवढाच वेळ, पूर्ण दिवस कामाला जाणाऱ्या बाईने काय करायचं? खोली भाड्याची, संडासाला पाणी बाहेरून आणावं लागतं. ताईंना मीटिंग, सर्वेक्षण, निवडणुकीची कामं, मोबाईलवरची माहिती. अशा कामांच्या दिवशी मदतनीस एकट्या पंचवीस मुलं सांभाळतात, शिकवणं बंद. ज्या बाईच्या नजरेवर एवढं अवलंबून आहे, तिला मुलांपासून उठवून कागदावर बसवणं मला अजिबात मान्य नाही. त्यांना मिळतं ते मानधन, पगार नव्हे. डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून जास्त दिवस राज्यभर त्यांचा संप चालला, तेव्हा आम्ही गावी होतो आणि वाटप बंद म्हणून मी कुरकुरले होते. आज त्यांच्या बाजूने उभी राहीन.

ज्यांची मुलं जातात त्यांनी कार्ड घरी मागून घ्या आणि वजनाच्या वेळी स्वतः उभ्या राहा. आकडा तुमच्यासमोर लिहिला गेला पाहिजे.

मोठीचं या महिन्याचं वजन १२ किलो ४००, दंड १३.१. ठिपका हिरव्या पट्ट्यात, अगदी कडेला. पुढचं वजन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आहे, त्या दिवशी मी साड्या घेतलेल्या नाहीत.