कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुन्या गाडीला मागच्या सीटपुढची काच बसवून घेतली, काम नाद खुळा

आमची १९२८ ची शेव्हरोले टूरर, वरनं सगळी उघडी, पुढं बसणाऱ्याला काचेचा आडोसा असतो पण मागं आईच्या तोंडावर नुसता वारा आणि धूळ, हायवेला तर डोळे उघडता यायचे नाहीत. म्हणून मागच्यांसाठी ऑस्टर टाईप, म्हणजे जुन्या उघड्या गाड्यांत मागच्या सीटपुढं असायची तशी, तीन भागांची काच करून घेतली, मधली सपाट आणि दोन्ही बाजूंना बिजागरीवर फिरणारे पंख. पंख पाहिजेतच बरं का, नुसती मधली लावली तर वारा कडेनं वळून परत अंगावरच येतो. मिस्त्रींनी आधी पुठ्ठा कापून, आईला मागं बसवून उंची ठरवली, मगच काच कापली. फ्रेम पितळेची, वर निकेलचा मुलामा, या गाडीवर क्रोम उपरं वाटलं असतं. काच लॅमिनेटेड, फुटली तरी तुकडे मधल्या थराला चिकटून राहतात. बॉडीला एकही नवीन भोक नाही, पुढच्या सीटच्या पाठीला क्लॅम्प आणि खाली फेल्ट (जाड लोकरी कापड), काढली तर खूण पण दिसत नाही. दिलेल्या तारखेवर मात्र विसंबू नका, निकेलवाल्याकडं माल अडकतो. पण आता साठच्या स्पीडला आईचा पदर जागेवर राहतो आणि ती मागनं गप्पा मारते, मला पुढं ऐकू पण येतं. बिनधास्त जावा.