वाळू ट्रॉलीनं घेताय? आधी आतून टेप लावा

आमच्या भागात वाळू घेताना ब्रासचा भाव कुणी विचारत नाही. अमळनेर घ्या, पारोळा घ्या, नाहीतर चोपडा, सगळीकडे प्रश्न एकच असतो, "ट्रॉली काय भाव?" विकणाराही तितक्याच सहज सांगतो, "ट्रॉली म्हणजे एक ब्रासच, ताई." आम्हाला ज्यानं गंडवलं त्याला याच्यापेक्षा जास्त काही बोलावंच लागलं नाही.

ब्रास म्हणजे १०० घनफूट. हे माप ठरलेलं आहे, ते कुणाच्या सोयीनं बदलत नाही. ट्रॉलीचं तसं नाही. कुणाची नऊ फुटी, कुणाची दहा फुटी, कुणाचा फाळका (ट्रॉलीच्या बाजूचा पत्रा) दीड फुटी, तर कुणी वरून पत्र्याची पट्टी मारून तो वाढवलेला. त्यामुळे "दोन ट्रॉली वाळू" ही ऑर्डरच नव्हे. ती समोरच्याला दिलेली मोकळीक आहे.

मालक सुरतला नोकरीला, त्यामुळे बांधकामाचं सगळं माझ्याकडे आणि सासऱ्यांकडे. सासऱ्यांना आम्ही आप्पा म्हणतो. स्लॅबसाठी मिस्त्रींनी हिशोब करून दिला होता. स्लॅब आणि बीम मिळून साधारण साडेचारशे घनफूट काँक्रीट. एक सिमेंट, दीड वाळू, तीन खडी या प्रमाणानं त्याला १९० घनफुटांच्या आसपास वाळू लागते. म्हणजे दोन ब्रास बरोबर पुरते, वर थोडी उरते. ५,००० रुपये ट्रॉलीनं वाळू ठरली आणि आदल्या दिवशी संध्याकाळी ती येऊन पडली. ढीग चांगला उंच दिसत होता.

स्लॅबच्या दिवशी मिक्सर लागला, लिफ्ट लागली, घरात पंचवीस माणसांच्या वरणबट्टीची तयारी चालू होती. (स्लॅबचं जेवण वरणबट्टी आणि वांग्याच्या भाजीशिवाय झालं तर मजूर वर्षभर नाव ठेवतात.) दुपारी मिस्त्री खाली आले आणि म्हणाले, "ताई, वाळू संपत आली." वर पाऊण स्लॅब झालेला होता. सिमेंट होतं, खडी होती, फक्त वाळू नव्हती. स्लॅब अर्धवट सोडता येत नाही. ओतलेलं काँक्रीट सेट झाल्यावर त्याला नवं काँक्रीट जोडलं की तिथे सांधा पडतो, आणि पावसाळ्यात पाणी नेमकं तिथूनच गळतं. मग त्याच माणसाला फोन. त्याला आमची निकड कळली होतीच. तिसरी ट्रॉली आली ती हजार रुपये चढ्या भावानं, तीही "तुमच्यासाठी म्हणून" असं ऐकवून.

ती ट्रॉली रिकामी करायला आप्पांनी लगेच परवानगी दिली नाही. त्यांनी आयुष्यभर कापूस विकलाय. गावात येऊन खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याचा काटा कसा चालतो हे त्यांना कुणी शिकवायला नको. ते म्हणाले, "कापूस द्यायला गेलं की काटा कमी दाखवतो, वाळू घ्यायला गेलं की ट्रॉली जास्त दाखवते. शेतकऱ्याचं दोन्हीकडे सारखंच." ड्रायव्हर वैतागला. "आक्का, मोजतस कसाले? माल पुरा शे." पण टेप आली.

ड्रायव्हरनं स्वतःच आधी बाहेरून मोजून दाखवलं. लांबी सव्वादहा फूट, रुंदी सहा फूट, फाळक्याची उंची एक फूट आठ इंच. गुणाकार केला तर १०२ घनफूट. "बघा, ब्रासपेक्षा जास्तच." बाहेरच्या मापात पत्र्याची जाडी येते, कोपऱ्यांचे अँगल येतात, आणि उंची खालच्या चॅनलपासून घेतली तर ज्यात वाळू कधीच बसत नाही तो भागही येतो. आप्पांनी शीग, म्हणजे फाळक्याच्या वर आलेला ढीग, मोडायला लावली. वाळू फावड्यानं सपाट केली, कोपऱ्यांत सरकवली. मग आतून माप घेतलं. लांबी दहा फूट, रुंदी पावणेसहा फूट. खोलीसाठी सळईचा तुकडा चारही कोपऱ्यांत आणि मध्ये खुपसून पाहिला. सरासरी दीड फूट आली. ८६ घनफूट. म्हणजे १०० चे पैसे घेऊन प्रत्येक ट्रॉलीमागे १४ घनफूट वाळू कमी.

मध्ये उंच केलेली शीग बघणाऱ्याचे डोळे दिपवते, पण कोपरे रिकामे असतात. काही ट्रॉल्यांचा तळ मध्ये उचललेला असतो. डंपरमध्ये पुढच्या बाजूला जॅकची पेटी आत आलेली असते, ती जागा मापातून वजा करायची असते. आणि माल ओतताना ट्रॉली पूर्ण उचलली का ते बघा. ओली वाळू मागच्या कोपऱ्यांत चिकटून राहते, आणि ड्रायव्हर फाळका आपटून ती पाडायला मुळीच उत्सुक नसतो.

तरी हिशोब पुरता जुळत नव्हता. दोन ट्रॉल्यांतून १७२ घनफूट आली असेल, तर १९० मधले १८ कमी पडायला हवे होते. आमचा तर पाव स्लॅब राहिला होता. याचं उत्तर मिस्त्रींकडे होतं. वाळू दमट असली की ती फुगते, म्हणून ते मिक्सरमध्ये दर गोणीला वाळू जास्त टाकत होते. नाहीतर काँक्रीटमध्ये खरी वाळू कमी पडली असती.

हे फुगणं म्हणजे काय ते घरच्या बरणीत बघता येतं. सरळ भिंतींची काचेची बरणी घ्या, दमट वाळू २० सेंटिमीटरपर्यंत भरा. ती काढून ठेवा, बरणीत अर्ध्यापर्यंत पाणी घ्या, वाळू परत टाका आणि सळईनं कोचा. पाण्यात पूर्ण बुडालेल्या वाळूचं आकारमान कोरड्या वाळूइतकंच होतं, कारण कणांना दूर ठेवणारा ओलाव्याचा पापुद्रा पाण्यात निघून जातो. आमची वाळू १६ सेंटिमीटरवर बसली. म्हणजे १६ ची २० झाली होती, पंचवीस टक्के फुगवटा. चार-पाच टक्के ओलाव्याला वाळू सगळ्यात जास्त फुगते, आणि बारीक वाळू जाड वाळूपेक्षा जास्त फुगते. आता ८६ चे चार-पंचमांश करा. ६९ घनफूट. दोन ट्रॉल्यांची खरी वाळू १३८, गरज १९०. पाऊण स्लॅब. मिस्त्रींचा हिशोब चुकला नव्हता.

म्हणून नुसतं टेप लावून भागत नाही, वाळू हातात घेऊनही बघावी लागते. पाणी निथळणारी वाळू काट्यावर गंडवते, कारण पाण्याचं वजन तुम्ही विकत घेता. दमट वाळू मापात गंडवते, कारण हवेचे पैसे देता. दमट वाळू सगळेच विकतात, त्यात दरवेळी लबाडी असते असं मी म्हणणार नाही. पण भाव ठरवताना ही गोष्ट दोघांनाही माहीत असली पाहिजे. इथे ती फक्त एकालाच माहीत होती.

वाळूवाल्याला बोलावलं तेव्हा तो चिडला नाही, हे विशेष. "ताई, सगळं गाव असंच देतं, मी काय वेगळं केलं?" यात खोटं काही नव्हतं, आणि हाच त्याचा बचाव होता. वाद घालण्यात अर्थ नव्हता. आमच्याकडे एकच गोष्ट होती, त्याच्या खडीचे काही पैसे अजून द्यायचे होते. मापाचा फरक आणि तिसऱ्या ट्रॉलीचे वरचे हजार रुपये त्यातून वळते केले. माझं मत विचाराल तर कुठल्याही मालाचे पूर्ण पैसे माल उतरून मोजल्याशिवाय देऊच नयेत. पैसे गेले की तक्रार उरते, हिशोब उरत नाही.

तक्रारीचं म्हणाल तर वाळूत एक वेगळीच अडचण आहे. गिरणा, तापी, पांझरा, बोरी, आमच्या सगळ्या नद्यांची वाळू रात्रीच्या अंधारात गावात येते हे काही गुपित नाही. वाहतूक पास नसलेली वाळू पकडली गेली तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली दंड होतो, गाडी जप्त होते. विनापासाची वाळू घेतलेला माणूस माप कमी आलं म्हणून कुणाकडे जाणार? विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं, म्हणूनच तो निर्धास्त असतो. पास मागा. पासावर गाडीचा नंबर आणि माल किती हे असतं, म्हणजे मापाचा एक कागद आपोआप हातात येतो. "पास नाही, पण भाव कमी लावतो" असं म्हणणारा माणूस भावात सोडतो ते मापात काढतो.

खडीचा प्रकार वेगळा निघाला. ती क्रशरवरून काट्याच्या पावतीसह येते, म्हणून आम्हाला ती खात्रीची वाटत होती. वाळूच्या प्रकरणानंतर जुन्या पावत्या काढून बघितल्या. पावतीवर भरलेल्या गाडीचं वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन, दोन्हींची तारीख-वेळ छापलेली असते. आमच्या एका पावतीवर रिकाम्या गाडीची तारीख महिनाभर आधीची होती. काट्याच्या कॉम्प्युटरमध्ये गाडीचं रिकामं वजन साठवून ठेवतात आणि दरवेळी तेच वापरतात. त्या वेळी डिझेलची टाकी रिकामी, स्टेपनी काढलेली, क्लीनर खाली उतरलेला, आणि आता सगळं गाडीत. हा फरक खडी म्हणून तुमच्या बिलात येतो. उपाय साधा आहे. माल उतरल्यावर त्याच गाडीचं रिकामं वजन त्याच दिवशी करायला लावायचं, शक्य तर दुसऱ्या काट्यावर. काट्याच्या खोलीत वैधमापनशास्त्र विभागाचं (वजनमापं तपासणारं सरकारी खातं) पडताळणी प्रमाणपत्र लावलेलं असतं. ती पडताळणी दरवर्षी करावी लागते, तेव्हा त्यावरची तारीख वाचा. ताडून बघायला एक आकडा लक्षात ठेवा. एक ब्रास खडी सव्वाचार ते साडेचार टनांच्या आसपास भरते. साडेतीन टनांना कुणी ब्रास म्हणत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

सळईत तर गणित इतकं सोपं आहे की फसायचं कारणच नाही, तरी लोक फसतात. व्यासाचा मिलिमीटरमध्ये वर्ग करा, १६२ नं भागा, मीटरला किती किलो ते येतं. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८८८ किलो, म्हणजे १२ मीटरची एक सळई जवळपास १०.६५ किलो. ८ ची पूर्ण सळई ४.७४ किलो. नग मोजा, गुणाकार करा, काट्याच्या वजनाशी ताडा. भारतीय मानक १७८६ प्रमाणे १० मिलिमीटरपर्यंत सात टक्के, त्याच्या वर १६ पर्यंत पाच टक्के आणि त्याहून जाड सळईत तीन टक्के एवढाच फरक चालतो. इथे एक बारीक गोष्ट आहे. हलकी सळई नगावर घेतली तर पैसे जातात, हे कुणालाही कळतं. पण ती वजनावर घेतली तर बिल बरोबर येतं आणि तरीही नुकसान होतं, कारण १२ ची म्हणून कॉलममध्ये गेलेली सळई खरं तर ११ ची असते. पैसे वाचले म्हणून घर वाचत नाही.

सिमेंटच्या गोण्या उतरताना मोजा, दोन-चार गोण्या वजन करून बघा, शिलाई हातानं पुन्हा मारलेली दिसते का बघा, आणि रिकाम्या गोण्या मिस्त्रींना टाकू देऊ नका. विटांचा चट्टा बाहेरून भरीव दिसतो, आत पोकळ ठेवलेला असू शकतो, म्हणून एक चट्टा तरी मोडून मोजा.

आता पावतीचं. ऑर्डर देताना व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, "दोन ब्रास वाळू, गाडीत आतून सपाट मापून, अमुक भाव", आणि समोरच्याचं "हो" येऊ द्या. "ट्रॉली", "खेप", "गाडी" हे शब्द त्यात येऊ देऊ नका. गाडीचा फोटो नंबरप्लेटसह आणि टेप आत लावलेला, दोन्ही काढा. ढीग पडल्यावर मोजता येत नाही असं नाही, पण मग तो म्हणतो शेजाऱ्यानं नेली, वाऱ्यानं उडाली, मिस्त्रींनी उधळली. गाडीत असेपर्यंत वाळू त्याची असते, जमिनीवर पडली की तुमची. बिल हातात असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बोलता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी लागत नाही. काट्याबद्दल शंका असेल तर वैधमापनशास्त्र विभागाच्या जिल्हा कार्यालयात अर्ज द्यायचा.

प्लास्टरसाठी आम्ही दुसरा माणूस गाठला. त्याचा भाव ५,५०० रुपये ब्रास, पासासह, आतून मापून. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, महाग पडला. पण ५,००० रुपयांत ८६ घनफूट म्हणजे शंभराला जवळपास ५,८०० पडत होते. प्लास्टरची वाळू उतरली त्या दिवशी आप्पा टेप घेऊन ट्रॉलीत चढले, तर ड्रायव्हरनं स्वतःच फावडं मारून शीग मोडली. कोपऱ्यात तीन-चार इंच कमी होतं. त्यानं मालकाला फोन लावला आणि तेवढे पैसे बिलातून कापायला सांगितले.