स्पीडवे लीगचा संघ: सोडायचा की मोसमभर सोपवायचा?

स्पीडवे म्हणजे मातीच्या लंबगोल ट्रॅकवरची बिनब्रेकच्या मोटारसायकलींची शर्यत. तिच्या आभासी लीगमध्ये संघ चालवणारा माझा एक मित्र थकलाय. कायमचं सोडावं की एक मोसम सहकाऱ्याकडे द्यावं, या पेचात आहे.

वेळेचं गणित सोपं आहे. ब्रिटिश स्पीडवेसारखंच इथेही संघात 7 रायडर, सामन्यात 15 हीट (छोट्या शर्यती), प्रत्येक हीटमध्ये 4 जण आणि 3-2-1-0 गुण. राखीव रायडरला कुठल्या हीटला उतरवायचं, यातच रात्रीचा तास जातो. सोडलं तर तो तास लगेच मोकळा. सोपवलं तर सुरुवातीचे काही आठवडे फोन येतच राहणार.

संघाचं काय होईल, हा खरा प्रश्न. संघातल्या रायडरांच्या सरासरी गुणांच्या बेरजेला मर्यादा असते. म्हणून कमी सरासरीचा पोरगा हेरायचा, घडवायचा आणि त्याची सरासरी वाढली की दुसऱ्या कुणाला सोडायचं. मित्राच्या वहीत प्रत्येकाची नोंद आहे: कोण आतल्या गेटवरून (ट्रॅकच्या आतल्या कडेच्या सुरुवातीच्या जागेवरून) चांगला सुटतो, कोण ओल्या ट्रॅकवर ढेपाळतो. वही हातात दिली तर संघ टिकेल. मध्येच निघून गेला तर बिनव्यवस्थापकाच्या संघाकडून प्रतिस्पर्ध्यांना आयते गुण मिळतील आणि लीगचा सगळा गुणतक्ता बिघडेल. मला हे फार लागतं.

परतायचं झालं, तर सोपवलेला संघ आपलाच असतो. सोडलेला मिळेलच असं नाही.

नवी नोकरी किंवा घरात तान्हं बाळ असेल, तर सोपवावा. निकाल उघडून बघायचीही इच्छा उरली नसेल, तर खुशाल सोडावा, पण मोसम संपल्यावर.