आयआरक्यू शून्य : इंटरप्टशिवाय सीरियल पोर्ट, आठ महिन्यांचा अनुभव

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगतो. लिनक्सच्या ८२५० ड्रायव्हरमधला, म्हणजे सीरियल पोर्ट चालवणाऱ्या कोडमधला, पोलिंग मोड (पोर्टने इंटरप्टची हाक मारायची वाट न बघता आपणच ठरावीक वेळाने डोकावणं) ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटना, उत्तम चालतो, १९२०० ला हिशेब करून चालवावा लागतो आणि ११५२०० ला नाद करायचा नाही. बाकीच्यांनी बसा, कारण ‘हिशेब करून’ या दोन शब्दांत माझे तीन महिने गेलेत.

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एक फाउंड्री आहे, तिथलं मीटर वाचायचं काम माझ्याकडे आहे. एकूण अकरा एनर्जी मीटर, त्यातले दोन इंडक्शन फर्नेसचे. फर्नेस आणि सँड प्लांट एकदम सुरू झाले की मॅक्सिमम डिमांड, म्हणजे विजेचा सर्वोच्च भार, उसळी मारते आणि महिनाअखेरीला बिल बघून मालक मला फोन करतात. म्हणून एक छोटा कॉम्प्युटर सगळ्या मीटरना मॉडबसवर (मीटरशी प्रश्नोत्तराने बोलायची ठरलेली पद्धत) सतत विचारत राहतो आणि डिमांड वर जायला लागली की भोंगा वाजवतो. हा कॉम्प्युटर पीसी/१०४ जातीचा, म्हणजे बोर्डावर बोर्ड रचायचा. त्यावर चार सीरियल पोर्टचं एक जुनं कार्ड आहे, चिप १६५५०ए. कार्ड दणकट. फाउंड्रीतली धूळ आणि उन्हाळा त्याने पचवला, पण खालचा सीपीयू बोर्ड गेल्या पावसाळ्यात मेला.

नवा बोर्ड आला आणि घोळ सुरू झाला. पोर्टने सीपीयूला हाक मारायची तार म्हणजे आयआरक्यू. बोर्डावरच्या कॉम १ ला आयआरक्यू ४, कॉम २ ला ३, ही वाटणी ठरलेलीच. कार्डावरच्या जंपरने ५ आणि ७ सुद्धा निवडता येतात, पण नव्या बोर्डाच्या बायोसने त्या लाइनी दुसऱ्यांना देऊन टाकलेल्या आणि ‘ही लाइन आयसासाठी (कार्ड बसतं त्या जुन्या बससाठी) राखून ठेव’ असं सांगायची सोय मेनूत नाही. आयसा बसवर इंटरप्ट वाटून घेणं म्हणजे एका खुर्चीवर दोघांनी बसणं. सिग्नलच्या कडेवर चालणारी पद्धत, त्यात दोन कार्डं एकच तार आपापल्या बाजूला ओढतात, एकाचा इंटरप्ट दुसऱ्याच्या आड लपतो. नवं कार्ड मागवायचं तर किंमत ऐकून मालक म्हणाले, “जुनं बिघडलंय का?” बिघडलं नव्हतं. मग मी सेटसीरियल कमांडने कार्डाच्या चारही पोर्टना आयआरक्यू ० देऊन टाकला. बूटच्या वेळी लागणारी एक ओळ, बस्स. ड्रायव्हरमध्ये एक अक्षर बदलावं लागलं नाही. पोर्ट चालू झाले, मीटर बोलू लागले आणि मी घरी गेलो.

शून्य दिल्यावर ड्रायव्हर काय करतो हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. प्रोग्राम पोर्ट उघडतो तेव्हा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एक टायमर लावतो. टायमर वाजला की जे फंक्शन इंटरप्ट आल्यावर चाललं असतं तेच चालवायचं आणि टायमर पुन्हा लावायचा. पोर्ट बंद केला की टायमरही बंद. नळाखाली बादली लावून आपण स्वयंपाकघरात काम करतो आणि अधूनमधून डोकावतो, तसलाच प्रकार. १६५५०ए ची बादली म्हणजे तिचा फिफो, आलेले बाइट उचलेपर्यंत थांबायची जागा, १६ बाइटची. ९६०० बॉडला एक बाइट यायला १.०४ मिलिसेकंद, म्हणजे बादली साडेसोळा मिलिसेकंदांत काठोकाठ. (आयबीएमच्या १९८१ च्या पीसीत जी ८२५० चिप होती तिच्यात एकाच बाइटची जागा. तिथे टायमरवर चालायचं धाडस कोणी करू नये.)

पहिले दोन महिने मी या मोडला पाचपैकी पाच तारे दिले असते. सीपीयूवर भार शोधूनही सापडत नाही. सेकंदाला सव्वाशे वेळा चार चिपांची दोन-तीन रजिस्टरं वाचायची, एकेका वाचनाला फार तर एक मायक्रोसेकंद. लोक पोलिंग म्हटलं की नाक मुरडतात, कारण त्यांच्या डोळ्यापुढे सीपीयू जाळणारा अखंड लूप असतो. इथे तसलं काही नाही. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात मात्र हे टायमर सीपीयूला झोपू देणार नाहीत, तिथे विचार करावा. माझा बोर्ड भिंतीवरच्या प्लगवर आहे.

कुरबुर मात्र पहिल्या आठवड्यापासून होती, मी तिच्याकडे काणाडोळा केला. लॉगमध्ये दिवसाला दोन-चार सीआरसी चुका, म्हणजे उत्तर मोडकं आल्याच्या नोंदी. प्रोग्राम तीनदा विचारतो, दुसऱ्या वेळी उत्तर नीट येतं, त्यामुळे भोंग्याचं काही बिघडत नव्हतं. फर्नेसशेजारून केबल गेलीय, नॉइज असणारच, असं मी ठरवूनच टाकलं. शील्ड केलेली केबल ओढली, शेवटच्या मीटरला १२० ओमचा रेझिस्टर लावला, पॅनेलचं अर्थिंग तपासून घेतलं. चुका तेवढ्याच. मेंटेनन्सचे काका दोन रविवार माझ्याबरोबर शिडीवर होते, त्यांना अजून वाटतं की केबलनेच काम झालं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

तिसऱ्या महिन्यात मी कर्नल बदलला. आधीच्या कर्नलमध्ये एचझेड २५० होता, नव्यात १०००. म्हणजे कर्नलचं घड्याळ सेकंदाला २५० ऐवजी १००० टोले देणार. मला वाटलं, घड्याळ चौपट बारीक झालं, पोलिंग चौपट चपळ होईल. झालं उलटंच. फर्नेसच्या मीटरची पाचातली दोन उत्तरं फुटकी यायला लागली. बाकीचे नऊ मीटर मात्र ठणठणीत! खुलासा इथेच होता. फर्नेसच्या मीटरकडून मी एकदम १० रजिस्टरं मागतो, उत्तर २५ बाइटचं. बाकीच्यांकडून दोनच, उत्तर ९ बाइटचं. नऊ बाइट बादलीत आरामात मावतात, पंचवीस मावत नाहीत.

प्रॉक फाइलसिस्टीममध्ये सीरियल ड्रायव्हरची फाइल असते, रूट होऊन वाचावी लागते. त्यात दर पोर्टची एक ओळ: चिप, पत्ता, आयआरक्यू, किती बाइट गेले, किती आले. माझ्या ओळीच्या शेवटी ‘ओई’ आणि पुढे चार आकडी संख्या. ओई म्हणजे ओव्हररन एरर, बादली सांडली. ही फाइल पहिल्याच दिवशी पाहिली असती तर केबलचे पैसे वाचले असते.

मग कर्नलचा कोड उघडला. टायमर किती वेळाने लावायचा हे ठरवणारं फंक्शन सीरियल कोअरच्या हेडर फाइलमध्ये आहे, जेमतेम चार ओळींचं. फिफो भरायला लागणारा वेळ घ्यायचा, त्यात २० मिलिसेकंदांची मोकळीक मिळवायची आणि ते टोल्यांत, म्हणजे जिफीत, मोजायचं. आकडा ६ पेक्षा जास्त असेल तर निम्मा करून त्यातून २ वजा, नसेल तर सरळ १ जिफी. आता आकडे घाला. ९६०० ला फिफोचे १६.६७ आणि वरचे २०, मिळून ३६.६७ मिलिसेकंद. एचझेड २५० असेल तर हे ९ टोले, निम्मे ४, वजा २, उरले २ टोले, म्हणजे ८ मिलिसेकंद. एचझेड १००० असेल तर ३६ टोले, निम्मे १८, वजा २, उरले १६ टोले, म्हणजे १६ मिलिसेकंद. घड्याळ चौपट बारीक केलं आणि डोकावणं निम्म्यावर आलं! ती २० मिलिसेकंदांची मोकळीक इतर कामांसाठी ठेवलेली आहे, पोलिंगच्या हिशेबात ती उगाच पाहुणी येऊन बसते. १९२०० ला तर एचझेड १००० वर १२ मिलिसेकंद निघतात आणि बादली ८.३३ मध्येच भरते. २५० वर तिथेच ४ निघतात. म्हणून वर ‘हिशेब करून’ म्हटलं.

पण एवढ्याने कोडं सुटत नव्हतं. १६ मिलिसेकंदांत साडेपंधराच्या आत बाइट येतात, बादली १६ ची. काठावर का होईना, बसायला हवं होतं. आणि २५० वरच्या दिवसाला दोन-चार चुका? तिथे तर आठ मिलिसेकंदांत आठसुद्धा येत नाहीत.

इथे मी पूर्ण एक आठवडा अडकलो. उत्तर निघालं ते फंक्शनच्या पहिल्या ओळीत. टायमर जे फंक्शन चालवतो ते इंटरप्टसाठी लिहिलेलंच, त्यामुळे ते आधी चिपला विचारतं, “तुझा इंटरप्ट आहे का?” तार जोडलेली नसली तरी चिपच्या आत ती नोंद असतेच. चिप ‘नाही’ म्हणाली की फंक्शन फिफोत न बघता परत फिरतं. आणि १६५५०ए फिफोत ८ बाइट जमेपर्यंत, किंवा चार अक्षरांएवढा वेळ लाइन शांत राहीपर्यंत, ‘नाही’च म्हणते. ही तिची ट्रिगर पातळी. म्हणजे डोकावलो तेव्हा बादलीत सात बाइट असतील तर ती रिकामी होत नाही, सात तशीच राहतात आणि पुढच्या फेरीपर्यंत त्यांवर आणखी भरत जातात. एचझेड १००० वर सात अधिक पंधरा, सांडणारच. पहिल्या डोकावण्याला दोन ते सात बाइट असले की उत्तर गेलं, हे गणित केलं तर पाचात दोन हेच प्रमाण येतं. २५० वर सात अधिक पावणेआठ, जेमतेम मावतं, पण एखाद दिवशी टायमर एक टोला उशिरा वाजला की गेलं. तेच माझे दिवसाचे दोन-चार.

इंटरप्ट असताना ही पातळी ८ असणं शहाणपणाचं आहे, सीपीयूला दर बाइटला उठवावं लागत नाही. पोलिंगमध्ये तिचा फायदा काहीच नाही, तोटा मात्र पुरेपूर. सुदैवाने २०१४ पासून ती बाहेरून बदलता येते. सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नलची सेटिंग फाइलरूपात दिसतात तिथे, प्रत्येक पोर्टच्या फोल्डरात ‘आरएक्स ट्रिग बाइट्स’ नावाची फाइल आहे. या चिपला १, ४, ८ आणि १४ चालतात. मी १ लिहिला आणि एचझेड २५० चा कर्नल परत घातला. तेव्हापासून टायमर एक टोला चुकला तरी बादलीत बाराच्या आत बाइट असतात.

माझी या मोडबद्दलची खरी तक्रार हीच. आयआरक्यू ० दिल्यावर ड्रायव्हरने ट्रिगर आपणहून १ करायला काय हरकत होती?

आता पाठवण्याच्या बाजूचं. याचा त्रास डेटा घेण्याच्या बाजूपेक्षा जास्त होतो, आणि आरएस-४८५ (दोन तारांवरची सीरियल लाइन, माझे मीटर तिच्यावर आहेत) वापरणाऱ्यांनी हे नीट वाचावं. दोन तारांवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. माझा जुना कन्व्हर्टर पोर्टच्या आरटीएस या सिग्नलवर दिशा बदलायचा: प्रश्न पाठवा, शेवटचा बिट बाहेर पडला की आरटीएस सोडा. शेवटचा बिट बाहेर पडला हे कर्नलला कळतं तेही टोल्यांनीच, त्यामुळे आरटीएस चार-आठ मिलिसेकंद उशिरा सुटतो. सुस्त मीटर असेल तर कळतसुद्धा नाही. पण मॉडबसमध्ये साडेतीन अक्षरांची शांतता संपली की उत्तर द्यायची मुभा आहे, ९६०० ला ती ३.६ मिलिसेकंद. पॅनेलमधला एक प्रोटेक्शन रिले इतका तत्पर निघाला की आम्ही तार सोडायच्या आत तो बोलायला लागायचा आणि त्याचा पहिला बाइट आमच्याच आवाजात बुडायचा. यावर सॉफ्टवेअरने उपाय करण्यात वेळ घालवू नका. पाठवला जाणारा डेटा बघून आपोआप दिशा बदलणारा कन्व्हर्टर घ्या. मी घेतला, विषय संपला.

प्रश्न विचारणाऱ्याच्या, म्हणजे मास्टरच्या, भूमिकेत पोलिंग चालतं याचं कारण मास्टरला उत्तर किती बाइटचं हे आधीच माहीत असतं. बाइट गठ्ठ्यागठ्ठ्याने आले तरी तो मोजून घेतो, आणि लिबमॉडबस ही लायब्ररी तर अर्धा सेकंद वाट बघते. स्लेव्ह, म्हणजे उत्तर देणारा, व्हायचं असेल, किंवा लाइनवरचं दुसऱ्यांचं बोलणं चोरून ऐकायचं असेल, तर फ्रेम कुठे संपली हे शांततेवरूनच ओळखावं लागतं. आठ मिलिसेकंदांनी डोकावणाऱ्याला चार मिलिसेकंदांची शांतता कशी दिसणार?

पाचव्या महिन्यात मालकांनी लॅबमधला स्पेक्ट्रोमीटर याच कार्डाला जोडायला सांगितला. तो ११५२०० ला बोलतो, बादली १.३९ मिलिसेकंदांत भरते आणि आपण डोकावणार चार मिलिसेकंदांनी. कार्बन, सिलिकॉन, मँगनीजचे आकडे अर्धवट आले. हार्डवेअर हँडशेक (समोरच्याला ‘थांब’ सांगणारी तार) आहे की, असं मला कोणीतरी सुचवलं. पण या चिपमध्ये आरटीएस खाली घेणारा ड्रायव्हरच असतो, आणि तोही चार मिलिसेकंदांनीच जागा होतो. तोवर सांडून गेलेलं असतं. स्पेक्ट्रोमीटर कॉम १ ला जोडला, तिथे खराखुरा इंटरप्ट आहे.

नावामुळे होणारा एक गोंधळही सांगून टाकतो. कर्नलमध्ये सीरियल ड्रायव्हरला ‘पोल’ने सुरू होणारी अक्षर-घे, अक्षर-दे अशी फंक्शनं असतात. ती केजीडीबी डीबगरसाठी आहेत, त्यांचा इथे काही संबंध नाही. मी पहिले दोन दिवस तोच कोड वाचत बसलो होतो.

दरम्यान एका एफपीजीएमधल्या (हवं ते सर्किट भरता येणारी चिप) घरगुती यूआर्टच्या, म्हणजे सीरियल पोर्टच्या सर्किटच्या, ड्रायव्हरला मी हाच मोड जोडला. तिथे इंटरप्टची नोंदच नव्हती, म्हणून सरळ स्टेटस रजिस्टर वाचलं आणि ट्रिगरची भानगडच आली नाही. कालावधीचं तयार फंक्शन न घेता फिफोच्या एकतृतीयांश वेळ स्वतः मोजला. एकदाच तोंडावर आपटलो: पोर्ट बंद करताना लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) हातात धरून टायमर पूर्ण थांबायची वाट पाहिली, टायमर त्याच लॉकची वाट पाहत होता, आणि मशीन गोठलं. आधी लॉक सोडा, मग टायमर थांबवा.

फाउंड्रीतल्या बॉक्सच्या या सेटिंगांना तिसऱ्या महिन्यापासून हात लावलेला नाही. कालच ती प्रॉकमधली फाइल पुन्हा पाहिली. कार्डाच्या चार ओळी, चारही आयआरक्यू ०, आलेल्या बाइटचा आकडा कोटींत. ओईचा आकडा शून्य असेल तर ड्रायव्हर तो छापतच नाही, आणि स्पेक्ट्रोमीटर लावून पाहिलेली ओळ सोडली तर एकाही ओळीत तो नव्हता.