अरबी पत्रकारांसाठीचे अर्थवार्तांकन प्रशिक्षण: काही महिन्यांच्या वापरानंतर

दुबईतील ज्या वृत्तसंस्थेत मी अरबी बातम्यांची इंग्रजी भाषांतरे तपासतो, तिच्या अर्थविभागाने अरबी पत्रकारांसाठीच्या एका ऑनलाइन प्रशिक्षणाचे सभासदत्व घेतले. कोकणातून आखातात आलेल्या घरात वाढल्यामुळे अरबी मला परकी नाही. कंपन्यांची वित्तीय विवरणपत्रे मूळ अरबीतून वाचण्याची सवय मात्र या अभ्यासक्रमानेच लावली.

त्याचे बळ उदाहरणांच्या निवडीत आहे. अमेरिकी कंपन्यांचे ताळेबंद अरबीत उतरवून शिकवण्याऐवजी येथे सौदी शेअर बाजारातील कंपन्यांची तिमाही विवरणपत्रे समोर ठेवली जातात. सौदी आणि इतर आखाती भागधारकांच्या हिश्श्यावर जकात (म्हणजे इस्लामी धर्मदान, येथे सरकार वसूल करते ते), तर अन्य परदेशी भागधारकांच्या हिश्श्यावर २० टक्के आयकर लागत असल्याने जकातपूर्व नफा आणि निव्वळ नफा यांची गल्लत बातमीत सहज होते, आणि त्यावर भरपूर सराव करून घेतला जातो.

विनिमय दरावरील भाग तर सर्वांत कसदार आहे. सौदी रियाल १९८६पासून डॉलरला ३.७५ या दराने आणि अमिरातींचा दिरहम १९९७पासून ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. त्यामुळे अमेरिकी फेडरल रिझर्व्हने व्याजदर बदलला की रियाध आणि अबू धाबी येथेही बहुधा लगोलग तसाच बदल जाहीर होतो. स्थानिक महागाई निराळी असली, तरी तेथील मध्यवर्ती बँकांना फारसा वाव उरत नाही. कैरोच्या पत्रकारापुढील अडचण याच्या अगदी उलट आहे. मार्च २०२४मध्ये इजिप्तने पौंडाचा दर बाजारावर सोडला, तेव्हा डॉलर सुमारे ३१ पौंडांवरून ५०च्या घरात गेला. या दोन दरांनी हिशेब केल्यास पौंडात दुप्पट झालेला नफा डॉलरमध्ये जेमतेम चतुर्थांशाने वाढलेला दिसतो, आणि ‘नफा दुप्पट’ असे शीर्षक देण्याआधी हे गणित मांडायला लावतात. लेबनॉनमध्ये २०१९च्या संकटानंतर १,५०७.५ पाउंडांचा अधिकृत दर कागदावर राहिला आणि बाजारातील डॉलर कितीतरी पट महागला; तेथील कोणतीही रक्कम कोणत्या दराने काढली हे लिहिल्यावाचून शिक्षक गृहपाठ स्वीकारत नाहीत. हा काटेकोरपणा मला मनापासून आवडला.

सुकूक म्हणजे इस्लामी रोख्यांवरील पाठ ठीक आहे. व्याख्याने लांबली आहेत, एवढेच.

खरी उणीव पुढे जाणवते. आखातातील कितीतरी मोठे व्यवसाय सूचीबद्ध नसलेल्या कौटुंबिक उद्योगसमूहांच्या हाती आहेत आणि त्यांची विवरणपत्रे सार्वजनिक नसतात. तेथे माहिती कशी मिळवावी, धनको बँका, पुरवठादार किंवा न्यायालयीन कागदपत्रे यांचा माग कसा काढावा, याविषयी ‘अनेक स्रोत वापरा’ यापलीकडे काही सांगितलेले नाही. खोट्या बातम्या पसरवण्यावर शिक्षा सांगणारा अमिरातींचा २०२१चा सायबर गुन्हे कायदा तर ओझरता येऊन जातो. वास्तविक नवख्या बातमीदाराची पहिली धास्ती तीच असते.

थेट सत्रांचे वेळापत्रकही ढिसाळ होते. मोरोक्को रमजानात घड्याळ तासभर मागे घेतो, याची दखल आयोजकांनी घेतली नाही, आणि तेथील सहकारी सत्रांना वेळ चुकून येत राहिले. ध्वनिमुद्रणे मात्र वेळेवर मिळत.

आमच्या विभागाने सभासदत्व पुढे चालू ठेवले आहे, पण केवळ नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी. अनुभवी सहकाऱ्यांना मी विनिमय दराचा भाग तेवढा पाहायला सांगतो.