खोक्यावर ‘आउटडोअर’ आणि आत घरातला संच: सहा ॲक्सेस पॉइंटच्या खरेदीत झालेली फसवणूक

आमच्या गोदामाच्या उघड्या आवारात माल उतरवताना हातातल्या स्कॅनरवर नोंद घेतली जाते आणि ती वाय-फायवरून कार्यालयातल्या संगणकावर पोहोचते. या कामासाठी आम्ही खांबांवर बसवायचे सहा आउटडोअर ॲक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल पुरवणारे संच) विकत घेतले. नेटवर्कची जबाबदारी माझ्याकडे होती, कोटेशन मीच तपासले होते आणि माल मिळाल्याच्या पावतीवर सहीही माझीच होती. त्यामुळे जे घडले ते न लपवता लिहिणे मला आवश्यक वाटते.

पुरवठादाराने कोटेशनला जोडलेले माहितीपत्रक अस्सल होते. त्यात आयपी ६७ मानांकन होते, उणे ४० ते ६५ अंश सेल्सिअस तापमानात चालण्याची क्षमता होती आणि ८०२.३एटी प्रकारच्या पीओईची (नेटवर्क केबलमधूनच वीज पुरवण्याच्या पद्धतीची) अट स्पष्ट लिहिलेली होती. आयपी ६७ मधला ६ हा आकडा धूळ आत अजिबात शिरत नाही असे सांगतो आणि ७ हा आकडा १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे बुडवूनही संच निकामी होत नाही असे सांगतो. कागद खरा असल्यामुळेच मी निर्धास्त राहिलो. आलेल्या मालावर लेबल त्याच मॉडेलचे होते, सहाही संच पहिल्याच दिवशी सुरू झाले, स्कॅनर जोडले गेले, आणि आम्ही त्याच आठवड्यात संपूर्ण रक्कम चुकती केली.

काही आठवड्यांनी दुपारच्या उन्हात संच मध्येच बंद पडू लागले. पुरवठादाराचा तंत्रज्ञ म्हणाला, “साहेब, ५ गिगाहर्ट्झमध्ये रडारची चाहूल लागली की चॅनेल सोडावाच लागतो, त्यात संचाचा दोष नाही.” हे तत्त्वतः खरे आहे, आणि अर्धसत्य असल्यामुळेच ते मला पटले. वास्तविक चॅनेल बदलला तरी संच नव्याने सुरू होत नाही. माझ्यासमोरच्या नोंदीत मात्र प्रत्येक वेळी चालू असल्याचा कालावधी शून्यापासून मोजला जात होता. ती नोंद मी पाहिली होती, पण तिचा अर्थ लावला नाही.

पहिला जोराचा पाऊस झाला त्या रात्री दोन संच कायमचे बंद पडले. या वेळी उत्तर आले की विजेचा झटका बसला असणार आणि असे नुकसान वॉरंटीत बसत नाही. त्याच खांबावरचा, त्याच नेटवर्क स्विचला (सगळ्या केबल जिथे जोडल्या जातात त्या उपकरणाला) जोडलेला कॅमेरा सुरळीत चालू होता, म्हणून मी एक संच उतरवून टेबलावर घेतला. लेबलचा कोपरा नखाने उचलला तर ते सहज सुटले आणि त्याखाली दुसऱ्या, खरवडलेल्या लेबलच्या डिंकाचा चौकोन दिसला. चार स्क्रू काढल्यावर राखाडी आवरणाच्या आत छताला लावायचा, इमारतीच्या आत वापरायचा ॲक्सेस पॉइंट जसाच्या तसा बसवलेला होता. आवरणाच्या कडेला गॅस्केटसाठी खाच होती, पण रबर नव्हते; केबल आत येते तिथे केबलभोवती घट्ट बसणाऱ्या ग्लँडऐवजी सिलिकॉनचा थर फासलेला होता, आणि जोडणीच्या पिनांवर हिरवट गंज चढला होता. आतल्या संचाच्या पाठीवर तापमानाची मर्यादा छापलेली होती: ० ते ४० अंश. बंद खोक्यात, उन्हात, वाऱ्याला वाट नसताना ही मर्यादा दुपारीच ओलांडली जात असणार.

मला सर्वांत जास्त सलते ते हे की स्विच पहिल्या दिवसापासून खरे सांगत होता. ८०२.३एटी प्रमाणे वीज मागणारे उपकरण जोडले की स्विचवर त्याचा पीओई वर्ग (विजेच्या गरजेची श्रेणी) ४ दिसायला हवा; आमच्या सहाही पोर्टांवर वर्ग ३ दिसत होता, म्हणजे उपकरणापर्यंत १२.९५ वॉटपेक्षा जास्त वीज न मागणारा जुन्या ८०२.३एएफ प्रमाणाचा संच. प्रत्यक्ष खर्च होणारी वीज कामाच्या भारानुसार कमीजास्त होते, त्यावरून काही सिद्ध होत नाही; वर्ग मात्र उपकरण जोडताक्षणीच ठरतो. तसेच लेबलवरचा मॅक ॲड्रेस (प्रत्येक उपकरणाचा वेगळा ओळख क्रमांक) आणि व्यवस्थापन पडद्यावर दिसणारा मॅक ॲड्रेस वेगळे होते. दोन्ही शेजारी ठेवून पाहायला एका संचामागे अर्धे मिनिटही लागले नसते.

संशय आल्यावर त्यांनीच पुरवलेली केबलही तपासली. बाहेरच्या वेष्टनावर तांब्याची म्हणून छापलेल्या त्या केबलची एक तार चाकूने खरवडल्यावर आतून पांढरी निघाली; ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा होता. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो, त्यामुळे लांबच्या खांबापर्यंत पीओईचा दाब जास्त घटतो आणि केबल तापते. खरे आउटडोअर संच आले असते तरी या केबलने त्यांना त्रासच दिला असता.

उत्पादक कंपनीकडे लेबलवरचे सहा सिरीयल नंबर पाठवले. ते नंबर दुसऱ्याच ग्राहकाच्या नावावर नोंदलेले निघाले. ही चौकशी पैसे देण्याआधीही तितक्याच सहज करता आली असती, आणि कोणीही अशी खरेदी करणार असेल तर ती रक्कम देण्याआधीच करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शक्य असेल तर एक संच सर्वांसमोर उघडून पाहावा. उघडल्याने वॉरंटी जाण्याची भीती असेल, तर किमान सिरीयल नंबर, मॅक ॲड्रेस आणि पीओई वर्ग यांची नोंद करून त्यावर पुरवठादाराची सही घ्यावी.

लेखी तक्रार केली आहे, पण आमची बाजू कागदावर दुबळी आहे. मॉडेल क्रमांक फक्त कोटेशनमध्ये आहे. बिलावर ‘आउटडोअर वाय-फाय संच, नग ६’ एवढेच लिहिलेले आहे आणि पावतीवर ‘माल तपासून सुस्थितीत मिळाला’ या छापील ओळीखाली माझी सही आहे. आपण दिलेला माल हा नव्हेच, असे पुरवठादाराने लेखी उत्तरात म्हटले आहे. बिलावर सिरीयल नंबर नसल्यामुळे ते खोडून काढायला आमच्याकडे त्या दिवशी बसवताना काढलेली छायाचित्रे तेवढी आहेत. त्यांतल्या दोन छायाचित्रांत लेबल वाचता येते.