एक्स-रे सेंटरसाठी सीआर की डीआर?

सीआर (कम्प्युटेड रेडिओग्राफी) म्हणजे कॅसेटमधल्या प्लेटवर चित्र घेऊन ते रीडर यंत्रात वाचायचं; डीआर (डिजिटल रेडिओग्राफी) म्हणजे पॅनेलवरून चित्र थेट कॉम्प्युटरवर. विक्रेते चित्राच्या स्पष्टपणावर बोलत राहतात. रोजच्या छाती-हाडांच्या कामाला दोन्ही पुरतात. बघायचं ते हे की बिघाड झाला तर तो कुणाच्या लक्षात येतो.

सीआरची कॅसेट रीडरमध्ये घालायची, वाचायची, पुसायची (म्हणजे प्लेटवरचं आधीचं चित्र मिटवायचं). हाताळणी आली की धूळ आणि ओरखडे आलेच. प्लेटवरची धूळ पांढरा ठिपका होऊन उमटते. हातात घुसलेली काच शोधताना असा ठिपका भलताच महागात पडतो. पण तो ठिपका त्याच कॅसेटबरोबर फिरतो. कॅसेटवर नंबर असेल तर ती बाजूला काढून काम चालू ठेवता येतं. पडून राहिलेल्या प्लेटा आसपासचे विखुरलेले किरणही टिपतात, म्हणून वापरण्याआधी पुसून घ्याव्या लागतात. सकाळी दार उघडल्यावर हे काम कोण करणार, ते आधीच ठरवा.

डीआरमध्ये चित्र काही सेकंदांत समोर. डेड पिक्सेल (पॅनेलवरचे निकामी झालेले बिंदू) सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलवरून भरून काढतं, त्यामुळे कॅलिब्रेशन, म्हणजे पॅनेलची तपासणी-जुळवणी, चुकवून चालत नाही. पॅनेल हातातून पडलं तर सेंटर बंद. आणि चित्र हललं की टेक्निशियन ते पुसून पुन्हा काढतो, रेडिओलॉजिस्टला पत्ताही लागत नाही. सीआरमध्ये निदान रीडरपर्यंत चालावं तरी लागतं!

डोसच्या बाबतीत दोन्ही सारखेच फसवे. साध्या फिल्मवर डोस जास्त झाला की ती काळी पडायची. इथे चित्र उलट जास्त स्वच्छ दिसतं. म्हणून डेमोला डेव्हिएशन इंडेक्स, म्हणजे ठरलेल्या डोसपासून किती फरक पडला ते सांगणारा आकडा, दाखवायला सांगा. 0 म्हणजे ठरल्याप्रमाणे, +3 म्हणजे डिटेक्टरवर (प्लेट किंवा पॅनेलवर) दुप्पट किरण.

मुंबईत जागेची आणि पैशाची ओढाताण, त्यामुळे जुन्या मशीनला डीआर पॅनेल बसवण्याचा मोह होतो. सौदा वाईट नाही, पण ट्यूब जुनीच राहते. अणुशक्तीनगरच्या एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमानुसार दर 2 वर्षांनी जी क्यूए (मशीनची गुणवत्ता तपासणी) होते, तिच्यात केव्ही (ट्यूबचा व्होल्टेज), टायमर, किरणांची गळती तपासतात. दिव्याचं क्षेत्र किरणांच्या क्षेत्राशी जुळतं का, तेही बघतात. 100 सेंटिमीटरवर 2 सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. यातलं काहीही पॅनेल सुधारत नाही. आधी जुना क्यूए रिपोर्ट वाचा, मग कोटेशन.

पेशंट मोजके असतील तर सीआर आणि दोन जादा कॅसेट. स्टेशनजवळचं गर्दीचं सेंटर असेल तर डीआरच घ्या, फक्त चित्र पुसण्याचा अधिकार टेक्निशियनच्या लॉगिनला देऊ नका आणि नाकारलेल्या चित्रांची मासिक यादी मिळण्याची अट खरेदीच्या करारातच घाला.